एएफडीवर बंदी? मग एक कोटी मतदारांचं काय करायचं?

इसारकाठचा (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक पोस्ट फिरली. सारांश असा: जर्मनीतला उजवा, स्थलांतरविरोधी पक्ष एएफडी फॅसिस्ट आहे, फॅसिस्टांना लोकशाहीत जागा नाही, डाव्या वळणाच्या एसपीडी पक्षानं जून २०२५ अखेरच्या अधिवेशनात बंदीच्या तयारीचा ठराव केला ते उत्तम झालं, आणि जर्मनीत राहून जे भारतीय बंदीला विरोध करतात त्यांना स्वतःच्या मुलाबाळांची पर्वा नाही. शेवटचं वाक्य डोक्यात गेलं. ग्रुपवर उत्तर दिलं असतं तर प्रकरण गणपतीच्या वर्गणीपर्यंत गेलं असतं, म्हणून इथे लिहितोय.

मी एएफडीवाला नाही. पासपोर्ट बदललाय, फेब्रुवारीत मत दिलं, कुणाला दिलं ते माझ्यापाशी, पण त्यांना नाही.

आता आकडे बघा. २३ फेब्रुवारी २०२५ ला या पक्षाला २०.८ टक्के मतं पडली. माणसांत मोजायची तर एक कोटीच्या वर. बुंडेस्टागमध्ये, म्हणजे संसदेत, १५२ जागा, दुसरा क्रमांक. एसपीडी १६.४ वर, तिसरा क्रमांक. म्हणजे तिसरा आलेला म्हणतोय की दुसऱ्याला शर्यतीतूनच काढा. लोकांना हे कसं दिसत असेल याचा त्या अधिवेशनात कुणी विचार केला असेल का, शंकाच आहे.

हा पक्ष २०१३ मध्ये निघाला तो अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांचा पक्ष म्हणून. ग्रीसला आमचे पैसे का द्यायचे, युरो कशाला, एवढंच म्हणणं. ४.७ टक्के मिळाले, संसदेत शिरायला लागणारा पाच टक्क्यांचा उंबरठा ओलांडता आला नाही. मग २०१५ आलं, निर्वासित आले, आणि बाकीच्यांनी त्यावर बोलणंच असभ्य ठरवून टाकलं. २०१७ ला हे १२.६ टक्के घेऊन आत. ज्या प्रश्नावर तुम्ही बोलत नाही त्यावर दुसरा कुणी बोलणारच.

आणि बंदीनं होतं काय? तुर्कस्तानात १९९८ साली रेफाह या इस्लामवादी पक्षावर बंदी आली. २००२ ला त्याच मुशीतली माणसं नव्या नावानं सत्तेत आली, अजून उठलेली नाहीत. बेल्जियममध्ये २००४ ला व्लाम्स ब्लोक या स्थलांतरविरोधी पक्षाच्या संस्थांना कोर्टानं वंशद्वेषी ठरवलं, लगेच पाटी बदलून व्लाम्स बेलांग. माणसं तीच, मतदार तेच.

ज्यानं नियमानं निवडणूक लढवली आणि मतं मिळवली तो पक्ष वैध. आवडत नसेल तर मतपेटीत हरवा. असहिष्णूंना सहन केलं तर सहिष्णुताच संपते, हा सहिष्णुतेचा विरोधाभास कुणीतरी घेऊन येणार हे माहीत आहे. कृपया आणू नका, पाठ झालाय.

---

शर्वरी_झाक्सन

म्युनिकमध्ये बसून हे लिहिणं फार सोपं आहे हो. आमच्या झाक्सन राज्यात, पूर्व जर्मनीत, फेब्रुवारीत त्यांना ३७ टक्के मिळाले. ट्रॅममध्ये बसलं की दर तीन माणसांमागे एक. मी मोजत नाही, पण डोकं मोजतं.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी त्यांच्या मतदार. उघड सांगतात. मी भारतात गेले की माझ्या कुंड्यांना पाणी घालतात, नाताळात श्टोलन केक आणून देतात, माझ्या लेकीला विणून टोपी दिलीय. एकदा मी विचारलंच, की तुमचा पक्ष आला तर आमचं काय? त्या म्हणाल्या, "तुमचं नाही गं, तुम्ही काम करता." लेक तिथेच उभी होती. ती इथेच जन्मली, इथलीच नागरिक, सात वर्षांची. ती अजून काही काम करत नाही. तिचं काय, ते आजींनी सांगितलं नाही.

मतपेटीत हरवा म्हणता. जानेवारीत कार्ल्सरूहच्या एएफडीनं विमानाच्या तिकिटासारखी पत्रकं वाटली ती पाहिलीत का? प्रवासी: बेकायदा स्थलांतरित. दिनांक: २३ फेब्रुवारी, म्हणजे मतदानाचा दिवस. फक्त जाण्याचं, परतीचं नाही. टपालपेटीत हे कागद पडले. याला तुम्ही नियमानं लढवलेली निवडणूक म्हणता?

---

बेरकी

ताई, तिकिटावर "बेकायदा" लिहिलंय ना? तुम्ही बेकायदा आहात का? मग मिरच्या कशाला झोंबल्या?

संविधान संरक्षण खात्यानं, म्हणजे देशांतर्गत गुप्तचर खात्यानं, मे २०२५ मध्ये या पक्षाबद्दल जे जाहीर केलं तेही वाचा. त्यात मुस्लिमबहुल देशांतून आलेल्यांचा उल्लेख आहे. आपला नाही. एएफडीच्या नेत्या वायडेलबाईंची जोडीदार मूळची श्रीलंकेची आहे. भारतीयांशी त्यांचं काही वाकडं नाही, उगाच दुसऱ्यांची भांडणं अंगावर घ्यायची सवय लागलीय आपल्या लोकांना.

---

जुना_खोंड

बेरकीभाऊ, वय काय तुमचं? मी सन २००० चा माणूस. श्रोडरनं ग्रीन कार्ड काढलं, संगणकवाल्या २० हजार लोकांना बोलावतो म्हणाला, त्या लाटेत आलेला. त्याच वर्षी नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियाच्या निवडणुकीत एक घोषणा गाजली होती, "किंडर श्टाट इंडर". इंडियन आणण्यापेक्षा आपली पोरं शिकवा, असा अर्थ. थेट आपलं नाव घेऊन. कुणाची होती? एएफडीची नव्हे, एएफडीला जन्मायला तेरा वर्षं होती. सीडीयूच्या र्‍युटगर्स साहेबांची. मेर्केलबाईंच्या पक्षाची. त्या वर्षी ते हरले, पण २००५ ला त्याच राज्याचे मुख्यमंत्री झाले. कुणी त्यांना अवैध म्हटलं नाही.

आणि २००७ च्या ऑगस्टमध्ये म्युगेल्न. शर्वरीताईंच्याच राज्यातलं गाव. गावजत्रेत आठ भारतीयांना पन्नासेक जणांच्या जमावानं चौकातून पळवत नेऊन मारलं. एका पिझ्झाच्या दुकानात शिरले म्हणून वाचले. "परक्यांनो, चालते व्हा" असं ओरडत होते. त्या जमावानं पासपोर्ट तपासले नव्हते, धर्म विचारला नव्हता. तेव्हा "आपला नाही" हे तुमचं वाक्य जपून ठेवा, चौकात दाखवायला उपयोगी पडेल.

मी बंदीच्या बाजूचा आहे असं समजू नका. पक्ष नव्हता तेव्हाही हे सगळं होतं, एवढंच म्हणतोय.

---

कलम_बहाद्दर

धागाकर्त्यांनी "तिसरा दुसऱ्याला काढतोय" असं लिहिलंय ते टाळ्यांसाठी ठीक आहे. बंदी एसपीडी घालत नाही, सरकारही घालत नाही. मूलभूत कायद्याचं, म्हणजे जर्मन राज्यघटनेचं, कलम २१. अर्ज करायचा बुंडेस्टाग, बुंडेसराट (राज्यांचं सभागृह) किंवा केंद्र सरकारनं, निकाल द्यायचा कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयानं, आणि तोही आठपैकी सहा न्यायाधीशांचं एकमत झालं तर. सत्तर-पंचाहत्तर वर्षांत दोनदाच झालंय: १९५२ ला नाझींचा वारसा सांगणारा एसआरपी आणि १९५६ ला कम्युनिस्ट.

एनपीडी या नवनाझी पक्षाची गोष्ट तर मजेशीर आहे. २००३ ला खटला बारगळला, कारण पक्षाच्या वरच्या फळीत सरकारचेच खबरे बसलेले निघाले. बोलणारा नाझी कोण आणि पगारी कोण, कोर्टाला कळेना. २०१७ ला कोर्ट म्हणालं, हा पक्ष घटनाविरोधी आहे, पण इतका किरकोळ आहे की बंदीची गरज नाही. आता एएफडीच्या बाबतीत आपण ऐकतोय की हा इतका मोठा आहे की बंदी घालता येणार नाही. मग बंदी घालायची नेमकी कधी? मधल्या कुठल्या मंगळवारी?

---

इसारकाठचा

@कलम_बहाद्दर, मंगळवार आवडला. पण तुमच्या कोर्टापुढे पुरावा ठेवणार कोण? संविधान संरक्षण खातं. ते येतं गृहमंत्रालयाखाली. २ मे ला "खात्रीनं उजवे अतिरेकी" असा शिक्का जाहीर झाला, ६ मे ला नवं सरकार शपथ घेणार होतं. जाणाऱ्या गृहमंत्र्यांनी जाता जाता दार आपटलं. अहवाल ११०० पानांचा, पण लोकांसाठी प्रसिद्ध केला नाही. एएफडी कोर्टात गेली तशी आठवड्याच्या आत शिक्का तात्पुरता बाजूला ठेवला. हे भारतात झालं असतं तर इथल्याच मंडळींनी "यंत्रणांचा गैरवापर" म्हणून चार धागे काढले असते.

@शर्वरी, तुमच्या लेकीबद्दल वाचून वाईट वाटलं, खरंच. पण आजींना पक्ष नसेल तर त्यांचं मत बदलेल का?

---

शर्वरी_झाक्सन

वाईट वाटून घेऊ नका, उत्तर द्या. त्या खात्याचं मुख्य म्हणणं काय आहे? हा पक्ष "जर्मन लोक" ही गोष्ट रक्तावरून ठरवतो, नागरिकत्वावरून नाही. म्हणजे माझ्याकडे पासपोर्ट असला, तुमच्याकडे असला, तरी आपण पाहुणे. तुम्ही फेब्रुवारीत दिलेलं मत त्यांच्या हिशेबात पाहुण्याचं मत आहे. तुम्ही त्यांची मतं मोजता आणि ते तुमचं मोजायला तयार नाहीत. आवडत नसलेला पक्ष आणि तुम्हाला माणसांत न धरणारा पक्ष यात फरक आहे की नाही?

---

भांडुपकर

वा वा वा. रक्त, भूमी, पाहुणे, परके. काय ओळखीचे शब्द आहेत!

५ जुलै २०२५ ला वरळीला दोन भाऊ एका मंचावर आले तेव्हा इथल्या निम्म्या लोकांच्या स्टेटसला काय होतं ते मी पाहिलंय. म्युनिकपासून श्टुटगार्टपर्यंत सगळे वाघ. मीरा रोडला दुकानदाराच्या कानाखाली बसली त्याचा व्हिडिओ मला पहिल्यांदा जर्मनीतूनच आला. भय्या मुंबईत आला की उपरा, आणि तुम्ही जर्मनीत गेलात की "वैविध्य". आधी स्वतःच्या अंगणात झाडू मारा, मग एएफडीला शिकवा.

---

कोकणचा_आवाज

हे येणारच होतं. मराठी माणूस चार शब्द बोलला की लगेच फॅसिस्ट. अहो, पहिलीपासून हिंदी लादत होते, त्याला विरोध झाला, २९ जूनला सरकारनं शासन निर्णय मागे घेतला. यात वंश कुठे आला? जर्मनीत पाय ठेवल्यावर तुम्ही जर्मन शिकलात ना? नागरिकत्वाला बी-वन लागते ना? मग मुंबईत मराठी मागितली तर पोटात का दुखतं?

---

भांडुपकर

बी-वनची परीक्षा नापास झालात तर कानाखाली वाजवतात का तिथे? नाही, सहज विचारतोय.

---

मिश्रविवाह_अपत्य

माझे वडील तमिळ, आई गिरगावातली. घरात दोन्ही भाषा, आणि सांबारात गूळ घालायचा की नाही यावर चाळीस वर्षांचं युद्ध. १९६० च्या दशकाच्या शेवटी "हटाव लुंगी" जोरात असताना वडील कोवळे कारकून होते. माटुंग्याहून निघताना कपाळावरचं भस्म पुसून लोकल पकडायचे. कुणी मारलं नाही कधी. पण पुसायचे. नंतर आयुष्यभर मराठी वर्तमानपत्र वाचलं, नाटकं पाहिली, आजारी पडल्यावर परिचारिकेशी मराठीतच बोलायचे. "तू मद्रासी ना" हे शेवटपर्यंत ऐकलं.

भाषा शिकलं की दार उघडतं असं वर कुणी म्हणतंय. वडिलांना भाषा येत होती.

---

कोकणचा_आवाज

तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. पण दुसरी बाजूही ऐका. माझा काका बी.कॉम. पहिल्या वर्गात. ज्या कार्यालयात अर्ज करावा तिथला साहेब आपल्या गावची माणसं भरायचा. मराठी पोरानं शिपाई व्हायचं, नाहीतर गिरणीत जायचं. त्याला नोकरी लागली ती शाखेतल्या पोरांनी त्या साहेबाच्या टेबलापुढे ठाण मांडल्यावर. त्या नोकरीवर घर उभं राहिलं, आम्ही शिकलो. तुम्ही याला काय म्हणायचं ते म्हणा. आमच्या घरात देव्हाऱ्याशेजारी फोटो आहे.

---

जुना_खोंड

आणि नेमकं हेच तिकडे पूर्व जर्मनीत कोळशाच्या खाणी बंद झालेल्या लाउझिट्समधला माणूस म्हणतो. १९९० नंतर कारखाने गेले, पोरं पश्चिमेला गेली, साहेब पश्चिमेकडून आले. "आमच्या घरात आम्हीच शिपाई." तुमच्या काकांचं ऐकताना मला तेच ऐकू आलं. तक्रार खरी असते हो. तक्रारीवर जो पीक काढतो त्याचा प्रश्न आहे.

---

बेरकी

चला, आता शिवसेना आणि एएफडी एकच. या धाग्याची हीच लायकी होती. जर्मनीत राहून कणा गेलेल्या लोकांकडून आणखी कसली अपेक्षा करणार? खोंडसाहेब तर पंचवीस वर्षं गोऱ्यांची [संपादित]

---

जुना_खोंड

पूर्ण करा ना वाक्य. इथे नको तर खरडवहीत करा. कुणाच्या कण्यावर बोलायचं ते कळायला आधी स्वतःच्या नावानं लिहायला शिक.

---

संपादक मंडळ

व्यक्तिगत शेरे काढून टाकले आहेत. कुणाचा कणा कुठे आहे हा धाग्याचा विषय नाही. मुंबईच्या प्रश्नावर वेगळा धागा काढावा.

---

भांडुपकर

वेगळा धागा नको, विषय हाच आहे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली. तेव्हापासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकच होता. तीन वर्षांहून जास्त काळ निवडणूक झाली नाही. तिकडे तुम्ही कोण वैध, कोण अवैध यावर भांडताय, आमच्याकडे वैध-अवैध सगळे एकाच मापात घरी बसले होते. त्यावर एक अवाक्षर कुणी काढलं नाही, कारण त्यात परका कुणी नव्हता ना झोडपायला.

---

इसारकाठचा

@भांडुपकर, महापालिकेबद्दल शंभर टक्के सहमत, पण आता जरा इकडे या, कारण तुमच्या उदाहरणानं माझंच म्हणणं पक्कं होतंय. शर्वरीताईंच्या मापानं १९६८ ची शिवसेना बंद करायला हवी होती. केली असती तर काय झालं असतं? ती पोरं कुठे गेली असती? कोकणच्या आवाजाच्या काकांनी कुणाचा फोटो लावला असता? पुढे हाच पक्ष महापालिकेत आला, गटारं-नळ-शाळा यांत अडकला, युत्या केल्या, १९९५ ला राज्यात सरकार केलं, आणि २०१९ ला चक्क काँग्रेसबरोबर बसला. सत्तेनं माणसं मवाळ होतात.

---

कलम_बहाद्दर

मवाळ झाली का, हे ज्यांना १९९२-९३ आठवतं त्यांना विचारा. तो विषय इथे काढत नाही, नाहीतर संपादक मला उचलतील.

पण उदाहरण अर्धं दिलंत, उरलेलं मी देतो. १९८७ ची विलेपार्ल्याची पोटनिवडणूक. धर्माच्या नावावर मतं मागितली म्हणून निवडून आलेल्या उमेदवाराची निवड रद्द झाली, सर्वोच्च न्यायालयानं १९९५ ला ती कायम केली, आणि १९९९ मध्ये खुद्द बाळासाहेबांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. पक्ष चालू राहिला. मतदारांना कुणी हात लावला नाही. भारतात निवडणूक आयोगाला एकदा नोंदलेला पक्ष अशा कारणासाठी मोडीत काढताच येत नाही, २००२ चा निकाल आहे. कृत्याला शिक्षा, पक्षाला नाही.

जर्मनीतही हे चालतंच. थ्युरिंगेनचा एएफडीप्रमुख ह्योके, इतिहासाचा मास्तर, यानं हिटलरच्या एसए या गणवेशधारी टोळीची घोषणा भाषणात वापरली. हाल्लेच्या कोर्टानं मे २०२४ मध्ये १३ हजार युरो दंड ठोकला. इतिहासाच्या मास्तरला म्हणे ती घोषणा कुणाची ते माहीत नव्हतं! जुलैत त्याच घोषणेवरून पुन्हा दंड. आणि सप्टेंबरात त्याच राज्यात पक्ष पहिला आला, ३२.८ टक्के. तेव्हा दंडानं मतं कमी होतात असंही समजू नका.

---

शर्वरी_झाक्सन

"सत्तेनं मवाळ होतात" हे वाक्य जर्मनीत उभं राहून म्हणायला धाडस लागतं हो. १९३३ च्या जानेवारीत हिटलरला सत्तेत आणणारे पापेन आणि मंडळी नेमकं हेच म्हणत होती. मंत्रिमंडळात घेऊ, वेसण घालू.

---

इसारकाठचा

आलं १९३३. वाटच पाहत होतो. मग नीट बोलू. १९२३ च्या बंडानंतर नाझी पक्षावर बंदी होतीच. १९२५ ला पुन्हा उभा राहिला. १९३२ च्या एप्रिलमध्ये एसएवर बंदी घातली, जूनमध्ये उठवली. बंदीचा प्रयोग झालेला आहे, निकालही माहीत आहे.

---

शर्वरी_झाक्सन

प्रयोग? हिटलरला देशद्रोहाबद्दल पाच वर्षांची शिक्षा आणि वर्ष संपायच्या आत सुटका. एसएवर दोन महिन्यांची बंदी. औषधाचा एक चमचा देऊन बाटली गटारात ओतायची आणि म्हणायचं, औषध लागू पडत नाही.

आणि मतपेटीचं म्हणाल तर नाझींना मतपेटीनं बहुमत कधीच दिलं नाही. नोव्हेंबर १९३२ ला मतं उलट घटून ३३.१ वर आली होती. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्गनं ३० जानेवारी १९३३ ला हिटलरला बोलावून खुर्ची दिली. सत्ता हातात, विरोधक तुरुंगात, रस्त्यावर एसए, अशा मार्च १९३३ च्या निवडणुकीतसुद्धा ४३.९. "लोकांनी निवडून दिलं" हे अर्धसत्य आहे. लोकांनी एक तृतीयांश दिलं, उरलेलं सभ्य माणसांनी दिलं.

---

जुना_खोंड

ताई, हे तुम्ही बोललात आणि स्वतःच्याच बंदीला सुरुंग लावलात! उरलेलं सभ्य माणसांनी दिलं असेल तर पहारा सभ्य माणसांवर बसवा. २०२० ला थ्युरिंगेनमध्ये पाच टक्केवाल्या एफडीपीचा माणूस एएफडीच्या मतांवर मुख्यमंत्री झाला. दुसऱ्याच दिवशी राजीनामा जाहीर करावा लागला, कारण देश उठला. जानेवारी २०२५ मध्ये सीडीयूच्या मेर्त्सनं एएफडीच्या मतांवर स्थलांतराचा ठराव पास करून घेतला, लाखो लोक रस्त्यावर आले. मीही गेलो होतो, गुडघा दुखत असताना. बंदीसाठी नव्हतो गेलो. पलीकडच्यांशी हातमिळवणी करू नका, एवढं सांगायला गेलो होतो.

---

उगाचच

सगळं वाचलं. माझ्या शहरात एएफडीला कुणी विचारत नाही, महापौर ग्रीन पक्षाचा, दर शनिवारी कुठला ना कुठला मोर्चा. आणि परदेशी नागरिकांच्या कार्यालयात रहिवासी परवान्याच्या कार्डाच्या नूतनीकरणाची तारीख मिळत नाही. ईमेलला उत्तर नाही, फोन उचलत नाहीत, जुनं कार्ड संपलं म्हणून आईच्या ऑपरेशनला पुण्याला जाता आलं नाही. खिडकीवर इंद्रधनुष्याचा झेंडा आणि "सर्वांचं स्वागत" अशी पाटी, आणि खिडकी बंद. मला बेकायदा करायला एएफडीची गरज पडली नाही. बाकी चालू द्या.

---

मिश्रविवाह_अपत्य

@उगाचच, वाचून कसंतरी झालं. आई बऱ्या आहेत ना आता?

---

उगाचच

हो. बहिणीनं केलं सगळं.

---

कलम_बहाद्दर

मूळ मुद्दा संपवतो. वैध की अवैध असा एकच प्रश्न नाही, यात तीन पायऱ्या आहेत. निवडणूक लढवणं. निवडून आल्यावर सभागृहातले हक्क. आणि सत्ता.

पहिल्या पायरीवर बंदी येईपर्यंत कुणी अडवू शकत नाही. दुसरीवर चिक्कार हाणामारी आहे. २०१७ पासून एएफडीला बुंडेस्टागचं उपाध्यक्षपद एकदाही मिळालेलं नाही, प्रत्येक वेळी उमेदवार पाडतात. पक्षांच्या बैठकीच्या दालनांचा वाद तर मे २०२५ मध्ये झाला. एसपीडीची माणसं घटली, एएफडीची वाढली, तरी मोठं ओटो वेल्स दालन एसपीडीकडेच राहिलं. २३ मार्च १९३३ ला हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याविरुद्ध उभा राहून बोलला तो वेल्स. त्याच्या नावाच्या दालनात एएफडी बसणार ही कल्पना मलाही सोसत नाही, पण नियमाच्या दृष्टीनं धागाकर्त्यांचा मुद्दा तिथे बरोबर आहे, हे नाइलाजानं कबूल.

आणि हे हक्क मिळाल्यावर ते काय करतात तेही पाहा. सप्टेंबर २०२४, एरफुर्ट, म्हणजे थ्युरिंगेनची राजधानी, नव्या विधानसभेची पहिली बैठक. वयानं ज्येष्ठ म्हणून अध्यक्षस्थानी एएफडीचा सदस्य. त्याचं काम काय, तर प्रास्ताविक करून निवड घेणं. त्यानं इतरांचे ठराव मांडूच दिले नाहीत, बैठक पुन्हा पुन्हा थांबवली, शेवटी प्रकरण राज्याच्या घटना न्यायालयात गेलं तेव्हा सुटलं. एक म्हातारा, एक खुर्ची, आणि सभागृह ठप्प. त्यांच्याकडे तिथे ८८ पैकी ३२ जागा आहेत, एक तृतीयांशाच्या वर. दोन तृतीयांश लागणारी कुठलीही निवड ते अडवू शकतात, न्यायाधीशांची नेमणूकसुद्धा. बर्लिनमध्ये हे पाहूनच डिसेंबरात घटना न्यायालयाच्या रचनेला मूलभूत कायद्यात कुंपण घातलं.

---

बेरकी

आणि ११ जुलै २०२५ ला घटना न्यायालयाच्या न्यायाधीशांची निवड कुणी पाडली? सत्ताधाऱ्यांनीच आपसात. कुंपणच शेत खातंय.

---

कलम_बहाद्दर

आज पहिल्यांदा तुमच्याशी सहमत. तारीख लिहून ठेवतो.

---

इसारकाठचा

एरफुर्टचा प्रकार लाजिरवाणा होता, मान्य. पण कोर्टात सुटला, तोही दोन दिवसांत. यंत्रणा चालली.

बंदीवर माझं मत तेच आहे. मात्र एक गोष्ट चालेल. एनपीडी, आता हाइमाट म्हणवते, तिचा सरकारी निधी जानेवारी २०२४ मध्ये कार्ल्सरूहनं सहा वर्षांसाठी बंद केला. पक्ष आहे, उमेदवार आहेत, मतं मागतात, फक्त माझ्या कराच्या पैशानं नाही. एएफडीच्या बाबतीत तसा अर्ज गेला आणि कोर्टाला पटला, तर मी आडवा येणार नाही. आणि सरकारात त्यांना कुणी घ्यावं असं मी कधीच म्हटलेलं नाही.

---

शर्वरी_झाक्सन

म्हणजे मतं खरी, पक्ष खरा, फक्त पैसा नको आणि मंत्रिपद नको. छान. याला तुम्ही "वैध" म्हणणार असाल तर म्हणा, माझी हरकत शब्दाला नव्हतीच.

पण मला एवढं सांगा. शेजारच्या झाक्सन-अनहाल्टमधली सप्टेंबर २०२६ ची निवडणूक घ्या. तिथे त्यांना कुणाच्या हाताची गरजच उरली नाही, स्वतःच्या बळावर बहुमत आलं, तर? पोलीस त्यांचे, शाळांचं खातं त्यांचं, राज्याचं संविधान संरक्षण खातंसुद्धा त्यांच्याच गृहमंत्र्याखाली. तेव्हा कुठल्या मतपेटीत हरवायचं?

---

इसारकाठचा

पुढच्या वेळच्या. पाच वर्षांनी.

---

शर्वरी_झाक्सन

तोवर लेक बारा-तेरा वर्षांची होईल. ठीक आहे, थांबू आम्ही. तुम्ही म्युनिकमध्ये आहातच.

---

कोकणचा_आवाज

ते सगळं राहू द्या. सेनेला एएफडीच्या रांगेत बसवलं त्याबद्दल खोंडसाहेबांनी अजून माफी मागितलेली नाही. मी रोज येऊन विचारणार आहे.